पणजी पायी बघायची आहे, ठाण्याहून पहिल्यांदाच जातोय. सल्ला हवाय

नौपाडेकर
नमस्कार मंडळी. जानेवारीत आई आणि मी चार दिवस पणजीला जातोय. गोव्याला दोघीही पहिल्यांदाच. बीच, क्रूझ, वॉटर स्पोर्ट्स यातलं काहीही नको. मी रविवारी मासुंदा तलावाकाठी स्केचिंग करते, तशी जुन्या घरांसमोर बसून चित्रं काढायची आहेत. आईला जुन्या वास्तू आणि नाटक यांची आवड. ज्याला विचारावं तो म्हणतो, कळंगुटला राहा आणि स्कूटर घ्या. मला स्कूटर येत नाही. आईचे गुडघे दुखतात, ती सपाटीवर तासभर चालते पण चढ झेपत नाही. राहावं कुठे, उतरावं कुठे, आणि पणजी खरंच पायी होते का?

मांडवीकाठ
माहेर कोपरी, सासर पणजी, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

होते, आणि पायीच बघावी. कळंगुटला राहिलात तर निम्मा दिवस येण्याजाण्यात जाईल. फोंतेन्हास या पणजीतल्या जुन्या पोर्तुगीज वळणाच्या वस्तीत किंवा त्याला लागून असलेल्या मळा नावाच्या भागात खोली घ्या. जुन्या घरांतली छोटी गेस्ट हाऊस आहेत, पण बुकिंग करताना तळमजलाच मागा. तिथले लाकडी जिने उभे असतात.

फोंतेन्हास आल्तिनो टेकडीच्या पायथ्याशी, पूर्वेला आहे. त्यामुळे सकाळचं ऊन थेट घरांवर येतं आणि दुपार कलली की टेकडीची सावली लवकर उतरते. चित्रासाठी सकाळ धरा. पिवळ्या, निळ्या, गेरूच्या भिंती, खिडक्यांना पांढरी किनार, अरुंद बाल्कन्या, कुठे कौलांवर मातीचा कोंबडा. दारांवरच्या नावाच्या पाट्या नीट बघा. निळ्या रंगात हाताने रंगवलेल्या त्या फरशा म्हणजे अझुलेजू. त्यांचं मोठं काम बघायचं तर आझाद मैदानाजवळच्या मेनेझिस ब्रागांझा संस्थेत जा. प्रवेशदालनाच्या भिंतींवर पोर्तुगीज महाकाव्यातले प्रसंग आहेत, जॉर्ज कोलासो यांनी 1935 साली केलेले. आईंना तिथे निवांत बसता येईल.

एक कळकळीची विनंती. ही लोकांची राहती घरं आहेत. रोज कुणीतरी दारात फोटोशूट करतं आणि रहिवासी वैतागलेत, काहींनी तशा पाट्याही लावल्यात. समोरच्या कडेला बसा, कुणी दार उघडलं तर विचारून घ्या. चित्र काढणाऱ्यांशी लोक आपणहून बोलायला येतात, असा माझा अनुभव आहे.

31 जानेवारी रोडवर त्याच नावाची जुनी बेकरी आहे. नाश्त्याला मात्र चर्च चौकाकडे, म्हणजे पणजीच्या मोठ्या पांढऱ्या चर्चसमोर, चालत या आणि पातळ भाजी, उंडो (गोव्याचा गोल पाव), सोबत मिरची भजी मागवा. दुपारी एक ते साडेतीन-चार बरीच दुकानं बंद असतात, रविवारी तर बाजार जवळजवळ झोपलेला. तेव्हा जेवून खोलीवर परत या.

कोकणरेल्वेप्रेमी
उतरायला करमळी. तिथून पणजी अकरा-बारा किलोमीटर. मांडवी एक्सप्रेस ठाण्याला थांबते आणि दिवसा जाते, त्यामुळे आईंना पूर्ण कोकण दिसेल, शिवाय गाडीतलं खाणंही चांगलं. वंदे भारत करमळीला थांबत नाही, थिवीला उतरावं लागेल. तिकिटं सुटतील त्या दिवशीच काढा.

रंगपट
नाटकासाठी पणजीतल्याच कांपाल भागात कला अकादमी. इमारत चार्ल्स कोरिया यांची आहे. आत दीनानाथ मंगेशकर कला मंदिर आहे आणि तिथे मराठी नाटकं होतात. गोव्यात हौशी मराठी रंगभूमी जोरात आहे, नामांकित नटांचं नसलं तरी तिथल्या मंडळांचं नाटक बघाच. पणजीत पोचल्यावर स्थानिक पेपरात जाहिरात बघा. फोंतेन्हासपासून चालत लांब पडेल, जाताना रिक्षा घ्या. मीटरची सवय विसरा, आधी भाडं ठरवा.

मांडवीकाठ, जानेवारीपेक्षा डिसेंबर बरा नाही का? सेरेंडिपिटी कला महोत्सव मिळेल.

मांडवीकाठ
महोत्सव सुंदर असतो, जुन्या जीएमसीच्या (गोवा मेडिकल कॉलेजच्या) इमारतीत कला बघणं हा वेगळाच आनंद आहे. पण खोल्या महागतात, गल्ल्या भरतात. आईंचे गुडघे आणि वहीतली चित्रं, दोन्हींसाठी जानेवारीच ठेवा.

नौपाडेकर
किती छान माहिती दिलीत सगळ्यांनी! मांडवी एक्सप्रेस आणि मळा पक्कं. अजून दोन शंका. चर्चच्या त्या पांढऱ्या पायऱ्या आईला जमतील का? आणि जुनं गोवं बघावं की पणजीतच राहावं?

मांडवीकाठ
पायऱ्या चढू नका. चर्च समोरच्या चौकातूनच सर्वांत देखणं दिसतं, आईंना बागेत बसवा आणि तुम्ही वर जाऊन या. आल्तिनोला जायचं तर वर रिक्षाने. एकट्या असाल तर पायलट, म्हणजे मोटारसायकलची टॅक्सी, पिवळ्या मडगार्डवरून ओळखू येते. संध्याकाळी पलीकडच्या बेती गावाला जाणाऱ्या फेरीबोटीने मांडवी नदी ओलांडून परत या. पायी जाणाऱ्यांना तिकीट नाही.

जुन्या गोव्याला एक सकाळ द्याच. कदंबा स्टँडवरून बस मिळते. बॉम जेझू आणि से कॅथेड्रल ही दोन जुनी चर्चं रस्त्याच्या दोन बाजूंना, समोरासमोर आहेत, सगळं सपाटीवर. शुक्रवार टाळा, पुरातत्त्व खात्याचं संग्रहालय त्या दिवशी बंद असतं. परतताना स्टँडजवळच, पाटोवर, राज्य मध्यवर्ती ग्रंथालयात डोकवा. 1832 सालची संस्था आहे, मराठी पुस्तकं भरपूर. तिथून ओरें खाडीवरचा पूल ओलांडला की फोंतेन्हास, म्हणजे तुमची खोली.