भात्याच्या ऑर्गनवरून चर्चच्या ऑर्गनवर: बाखचं पहिलं मोठं काय घेऊ?

पायपेटीवाला:
वय ५४, सदाशिव पेठ. वीस वर्षं संगीत नाटकांना ऑर्गनची साथ केली. तो आपला भात्याचा ऑर्गन, पाय फक्त हवा भरायला. आता कॅम्पातल्या एका चर्चमध्ये मंगळवारी दुपारी दोन तास बसू देतात. हाताला दोन कीबोर्ड, खाली पायांसाठी ३० पट्ट्या. पहिल्याच दिवशी सवयीने पाय भाता मारायला लागले आणि मंद्रातून असा काही रेडा ओरडला, की झाडणाऱ्या मावशी झाडू घेऊनच आत आल्या. डोक्यात जर्मन संगीतकार बाखची डी मायनर टोकाटा (जलद बोटांची मोकळी रचना; त्याच्या रचनांच्या यादीत क्र. ५६५) आहे. सहा महिन्यांत बसेल?

मंद्रसप्तक:
बसेलही. ऐकायला वाटते तेवढी ती अवघड नाही. मीही तिथूनच सुरुवात केली आणि तिथेच फसलो. बरंचसं काम हातच करतात, आठ महिन्यांनी माझे पाय होते तसेच कच्चे. शिवाय तिची सुरुवात पोराटोरांना पाठ, चुकलं की मागच्या बाकावरही कळतं.

मोठं म्हणून जी मायनर फ्यूग (५७८) घ्या. सा पांढरी पाच. एकच धुन चार आवाज एकापाठोपाठ उचलतात. पाय १७व्या बारला (आपल्याकडच्या आवर्तनासारखा) येतात, तेही नुसता खर्ज धरायला नाही, अख्खी धुन घेऊन. तिथे घाम फुटतो.

पण त्याआधी दोन महिने बाखचीच चर्चगीतावरची छोटी रचना, ‘इख रूफ त्सू दीर’ (६३९). सा पांढरी चार, जेमतेम १८ बार. उजव्या हातात गाणं, डावा हात वाहता, पायांना एकसारखी संथ चाल. गाण्याची साथ केलेल्या माणसाचा उजवा हात तयारच असतो. पंजानेच वाजवा, टाच सध्या विसरा. खाली बघायचं नाही. आणि कोल्हापुरी घालून बसू नका, पातळ चामडी तळाचे बूट हवेत.

बेसूर_नातू:
काका, बुक्स्टहूडपण (ल्यूबेकचा ऑर्गनवादक-संगीतकार) बघा ना! त्याला ऐकायला बाख १७०५ मध्ये आर्नश्टाटहून ल्यूबेकला पायी गेला होता, चारेकशे किलोमीटर. आपली आळंदी-पंढरपूर वारी जवळची म्हणायची.

मंद्रसप्तक:
बुक्स्टहूड माझा लाडका. पण त्याची प्रेल्युडियम (ऑर्गनच्या मोठ्या रचना) दर पानाला स्वभाव बदलतात. पहिल्या खेपेला नको.

पायपेटीवाला:
६३९ ची प्रिंट काढली. घरी पायपट्ट्या नाहीत, म्हणून हॉलच्या फरशीवर खडूने ३० आखल्या. बायकोची हरकत नाही, फरशी मी पुसणार असेन तर.