'ट्रूथ' म्हणजे सत्य की दिलेला शब्द?

पानगळ: इंग्रजी 'ट्रूथ'ला आपण सरळ 'सत्य' म्हणतो. जुन्या इंग्रजीत मात्र त्याचा मुख्य अर्थ होता निष्ठा, वचन पाळणं. जर्मन 'ट्रॉय' आजही 'एकनिष्ठ' याच अर्थाने चालतो. 'ट्रस्ट' आणि तहासाठीचा 'ट्रूस' हे त्याच घराण्यातले. १४व्या शतकात इंग्रज कवी चॉसरच्या 'फ्रँकलिनच्या कथे'त नवरा बायकोला सांगतो की माणसाने जपावी अशी सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे ट्रूथ. तिथे प्रश्न तिने दिलेल्या शब्दाचा आहे. 'वस्तुस्थितीशी जुळणारं' हा अर्थ त्याच सुमारास बळावत गेला. यात काहीतरी मोलाचं हरवलं असं मला मनापासून वाटतं. खरं बोलणं ही समोरच्या माणसाशी बांधिलकी असते.

रोखठोक: अजिबात पटलं नाही. 'नाइस' हा शब्द 'अडाणी' अशा अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आला. म्हणून आज कुणाला 'नाइस' म्हटलं तर अपमान होतो का? अर्थ वापराने ठरतो. आणि ही गल्लत धोक्याची आहे. टोळीशी इमान राखून खोटी साक्ष देणारा जुन्या अर्थाने 'ट्रू'च ठरेल! हे दोन अर्थ वेगळे झाले ते बरंच झालं.

मुळाक्षर: एक भर घालतो. सत्यासाठी इंग्रजीत आधीपासून 'सूथ' होता. त्याचं आणि आपल्या 'सत्'चं मूळ एकच, 'असणं'. म्हणजे जे आहे ते सत्य. तो मागे पडला, आता 'सूथसेयर'सारख्या (भविष्य सांगणारा) शब्दात तेवढा उरलाय. 'ट्रूथ'चा संबंध झाडाच्या 'ट्री'शी आणि संस्कृत 'दारु'शीही (लाकूड) जोडतात. पण त्या मुळाचा अर्थ आधी लाकूड होता की आधी टणकपणा, यावर अभ्यासकांचं एकमत नाही, तेव्हा त्यावर इमारत उभारू नका.

पानगळ: 'सूथ'मुळे माझं म्हणणं पक्कंच होतं. 'जे आहे ते' सांगणारा शब्द हाताशी असताना लोकांनी वचनाचा शब्द सत्यासाठी घेतला. विश्वासू माणसाकडूनच खरी बातमी मिळते, हे त्यांना कळलं होतं. साक्षीदाराला आधी शपथ देतात ती उगीच नाही.

रोखठोक: आणि शपथ दिल्यावर उलटतपासणी कशासाठी घेतात? शब्दावर भागत असतं तर ती लागली नसती.