अनुभव धागा: कोल्ड्रिंक, एनर्जी ड्रिंक आणि 'डाएट'ची बाटली

चहातली साखर आपण अर्ध्या चमच्याने कमी करतो, भातही मोजून घेतो, पण बाटलीतून जाणारी साखर कुणी धरतच नाही. 300 मिलीच्या साध्या कोलात 30 ग्रॅमच्या वर साखर असते, म्हणजे सात-आठ चमचे. वरून घातलेली साखर दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या 10 टक्क्यांच्या आत ठेवा, जमल्यास 5 टक्क्यांच्या, असं जागतिक आरोग्य संघटनेने 2015 साली सांगितलं. 5 टक्के म्हणजे मोठ्या माणसाला साधारण 25 ग्रॅम. एका बाटलीतच दिवसाचा वाटा संपून वर जातो. 'डाएट' आणि 'झिरो' म्हणजे साखरेऐवजी कृत्रिम गोडी घातलेली पेयं, त्यांबद्दल तर आणखी गोंधळ आहे. ठाणे-नवी मुंबईतल्या मंडळींनी स्वतः पाहिलेलं, सोसलेलं लिहावं. जे विचार करून अजूनही पितात, त्यांनीही लिहावं.

ऐरोली, आयटीत रात्रपाळी

आमच्याकडे मध्यरात्रीनंतर कँटीन बंद होतं आणि उरतं ते मशीन. त्यात वेफर्स, कोला आणि एनर्जी ड्रिंकचे डबे. अमेरिकेतल्या क्लायंटचा कॉल सुरू होण्याआधी एक डबा फोडायचा, ही टीममधल्या बहुतेकांची सवय. वार्षिक तपासणीत सोनोग्राफीत फॅटी लिव्हर निघालं तेव्हा मला पटेना, कारण मी दारूला शिवलेलो नाही. डॉक्टरांनी खाण्याबद्दल विचारलंच, पण आधी विचारलं, "पिता काय काय दिवसभरात?"

त्यांनी समजावलं ते असं. साखरेचा अर्धा भाग ग्लुकोज, तो सगळ्या शरीरात वापरला जातो. उरलेला अर्धा फ्रुक्टोज, त्याचा बहुतेक भार यकृतावर पडतो. पातळ साखर झपाट्याने आत जाते, पोट भरल्याची जाणीवही होत नाही, आणि जास्तीच्या फ्रुक्टोजची यकृत चरबी करून ठेवतं. कॅफीन वेगळंच. आपल्याकडच्या नियमानुसार एनर्जी ड्रिंकमध्ये लिटरला 145 ते 300 मिलिग्रॅम कॅफीन असतं. एका डब्याने काही होत नसेल, पण पहाटे दुसरा घेतला की सकाळी घरी जाऊन झोप लागायची नाही, छातीत धडधडायचं. मुलांनी आणि गरोदर बायकांनी हे घेऊ नये, असं डब्यावरच छापलेलं असतं. अक्षर एवढं बारीक की कुणी वाचत नाही.

डबे बंद केले तेव्हा सुरुवातीला डोकं खूप दुखलं. कॅफीन एकदम तोडलं की दुखतं, हळूहळू कमी करा. पुढच्या सोनोग्राफीत यकृत सुधारलेलं दिसलं. त्याच काळात जेवणाची वेळही बदलली होती आणि चालणंही वाढलं होतं, त्यामुळे सगळं श्रेय डबे सोडण्याला देणार नाही.

नौपाडा, दंतवैद्य

माझ्या खुर्चीत बसणारे तरुण हमखास सांगतात, "डॉक्टर, मी डाएटच पितो, दातांना काही होत नाही." होतं. पीएच जितका कमी तितकं आम्ल जास्त. दातावरचं इनॅमल साधारण 5.5 च्या खालच्या पीएचला विरघळू लागतं आणि कोलाचा पीएच 2.5 ते 3 च्या आसपास असतो, साखर असो वा नसो. साखर असली तर जंतूंना खाद्य मिळून कीडही लागते, एवढाच फरक. सर्वात जास्त नुकसान घोट-घोट पिणाऱ्यांचं होतं. लाळ आम्ल निवळवत असते, पण दर दहा मिनिटांनी नवा घोट आला तर तिला उसंतच मिळत नाही. प्यायचंच असेल तर जेवणाबरोबर एकदाच प्या, वर साधं पाणी प्या आणि लगेच ब्रश करू नका. आम्लाने मऊ पडलेलं इनॅमल ब्रशने घासून निघतं. निदान अर्धा तास जाऊ द्या.

कोपरखैरणे, दोन मुलांची आई

आमच्या घरी काळं कोल्ड्रिंक येत नाही, पण आंब्याचं येतं, कारण आजी-आजोबांना ते फळ वाटतं. मी एकदा सासूबाईंबरोबर बसून बाटलीमागचं लेबल वाचलं. आंब्याचा गर थोडा, पाणी आणि साखरच जास्त. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचलं आणि म्हणाल्या, "यापेक्षा कैरीचं पन्हं मी करीन, गूळ माझ्या हाताने घालीन." आता करतात. गूळही गोडच, पण तो किती घातला हे घरात माहीत असतं.

शाळेच्या उपाहारगृहात आणि आवारापासून 50 मीटरच्या आत असे जास्त साखर-मीठ-चरबीचे पदार्थ विकू नयेत, असा 2020 चा नियम आहे. मुलांच्या क्लासबाहेर मात्र दहा रुपयांच्या बाटल्यांची रांग असते. सीबीएसईने मे 2025 मध्ये शाळांना 'शुगर बोर्ड', म्हणजे कशात किती साखर हे दाखवणारे फळे, लावायला सांगितले. आमच्या मुलांच्या शाळेत तो लागला, आणि धाकटी घरी येऊन प्रत्येक बाटलीचे चमचे मोजायला लागली. माझ्या सांगण्याने जे झालं नव्हतं ते त्या फळ्याने झालं.

नेरूळ, निवृत्त, मधुमेही

मी झिरो पितो आणि पीत राहणार आहे. लग्नाकार्यात सगळे थंडा घेतात तेव्हा मीही घेतो, साखर वाढत नाही. माझ्या डॉक्टरांना माहीत आहे. वजन कमी करायला गोडी आणणारी ही रसायनं वापरू नका, असं जागतिक आरोग्य संघटनेने मे 2023 मध्ये सांगितलं खरं, पण ती शिफारस आधीपासून मधुमेह असलेल्यांसाठी नव्हती. हे वाक्य व्हॉट्सॲपवर कुणी पुढे पाठवत नाही.

त्याच वर्षी जुलैत संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ॲस्पार्टेमला, म्हणजे अशा पेयांतल्या एका कृत्रिम गोडीला, 'कर्करोगाला कदाचित कारण' या गटात टाकलं तेव्हा मुलीने घाबरून फोन केला. त्याच वेळी दुसऱ्या समितीने दिवसाची मर्यादा शरीराच्या वजनाच्या किलोमागे 40 मिलिग्रॅम हीच कायम ठेवली. त्यांच्या हिशेबाने 70 किलोच्या माणसाला ती ओलांडायला दिवसात 9 ते 14 डब्यांहून जास्त प्यावे लागतील. फिनाइलकीटोन्युरिया हा जन्मजात आजार असलेल्यांनी मात्र ॲस्पार्टेम टाळलंच पाहिजे.

घोडबंदर रोड

वरच्या काकांचं पटतं, पण मला मधुमेह नाही आणि मी डाएट घेत होते ते वजनासाठी. वजन जागचं हललं नाही. 'पेयात कॅलरी नाहीत' म्हणून सोबत वेफर्सचं पाकीट यायचं. मुख्य म्हणजे जिभेला तेवढ्याच गोडीची सवय राहिली, बिनसाखरेचा चहा घशाखाली उतरेना. आता साधा सोडा, लिंबू आणि मीठ. जीभ हळूहळू बदलली. दुकानात बाटली घेताना एक पाहा: काहींत साखरही असते आणि कृत्रिम गोडीही.

कळवा, परिचारिका

कृपया हे घरात सगळ्यांना वाचून दाखवा. इन्सुलिन किंवा मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्याला घाम सुटला, हात थरथरू लागले, बोलणं असंबद्ध झालं आणि साखर 70 च्या खाली असेल, तर त्या वेळी साखरेचं कोल्ड्रिंकच उपयोगी पडतं. अर्धी छोटी बाटली, किंवा पाण्यात तीन-चार चमचे साखर. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. डाएट किंवा झिरो देऊन काहीही होत नाही. आमच्याकडे एका आजोबांना घरच्यांनी घाबरून फ्रिजमधलं झिरो पाजलं होतं, मग बेशुद्धावस्थेतच आणलं. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही घालू नका, सरळ रुग्णालयात न्या.

दुसरं, जुलाब. लेकराला जुलाब झाले की 'ताकद यावी' म्हणून कोल्ड्रिंक पाजतात. एवढी साखर आतड्यात पाणी ओढते आणि जुलाब वाढतात. खऱ्या ओआरएसमध्ये (जलसंजीवनीत) लिटरला ग्लुकोज फक्त 13.5 ग्रॅम असतं, सोबत मोजून क्षार असतात. ओआरएस नावाने फळांच्या चवीची गोड पेयंही विकली जात होती. अशा पेयांवर हे नाव वापरायला एफएसएसएआयने, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, ऑक्टोबर 2025 मध्ये मनाई केली. औषधाच्या दुकानात मागताना पाकिटावर जागतिक आरोग्य संघटनेचं सूत्र लिहिलंय का, ते बघूनच घ्या.

वाशी, मार्केटमध्ये गाळा

मे महिन्यात गोणी उतरवणाऱ्या माणसाला दुपारी गार काहीतरी लागतंच. त्याला साखरेचं व्याख्यान देऊन भागत नाही. गार पाणी लांब आणि कोल्ड्रिंक हाताशी असेल तर तो कोल्ड्रिंकच घेणार. आम्ही चार गाळेवाल्यांनी मिळून माठ ठेवले, सोबत लिंबू आणि मीठ. कोल्ड्रिंक बंद झालं नाही, पण खूप कमी झालं. उसाचा रसही तहानेचं औषध समजू नका, त्यातही साखर भरपूर.

धागा काढणारी, पाचपाखाडी

दोघांनी कोकम सरबताबद्दल विचारलंय. बाजारात मिळतं ते अमृत कोकम साखरेच्या पाकातलं असतं, त्यामुळे ते 'घरगुती' म्हणून बिनधास्त पिऊ नका. साखर टाळायची असेल तर आगळ, म्हणजे कोकमाचा बिनसाखरेचा रस, आणा, पाणी आणि जिरेपूड घालून घ्या. आगळात मीठ असतं, म्हणून ज्यांना रक्तदाब आहे त्यांनी अगदी कमी घालावं.