आपत्कालीन बॅगेत प्रथमोपचाराचं काय ठेवावं?

प्रश्न: चौघांसाठी तीन दिवसांची बॅग भरतोय. तयार पेट्यांत नुसत्या चिकटपट्ट्याच दिसतात. मोठ्या जखमेसाठी काय घेऊ?

उत्तर १: १० × १० सेंमीचे निर्जंतुक गॉज २०, १० सेंमी रुंद क्रेप बँडेज ४, नायट्राइल हातमोजे ६ जोड्या, बोथट टोकाची कात्री. कापूस थेट जखमेवर नको, तंतू आत चिकटतात. गॉज रक्ताने भिजलं तरी उचलून बघू नका. त्यावरच दुसरं ठेवून सलग १० मिनिटं घट्ट दाबा.

उत्तर २: हातापायाचं रक्त दाबूनही थांबेना तर टूर्निके, म्हणजे रक्तप्रवाह थांबवायला आवळायचा रुंद पट्टा. जखमेच्या ५-७ सेंमी वर, म्हणजे हृदयाच्या बाजूला; सांध्यावर कधीच नाही. बांधल्याची वेळ लिहायला मार्कर हवाच. पायजम्याची नाडी किंवा दोरी बांधू नका; मांसात रुतते, रक्त मात्र वाहतच राहतं.

प्रश्नकर्ता: धुवायला हायड्रोजन पेरॉक्साइड?

उत्तर १: छे! चांगल्या पेशीही मरतात. पिण्याचं पाणी पुरे, २० मिलीच्या सिरिंजने धार मारा.

उत्तर ३: ओआरएस राहिलं की! अख्खं पाकीट, त्यावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात. घट्ट झालं तर जुलाब वाढतात. आणि बॅग गाडीत ठेवू नका, उष्णतेने पट्ट्यांचा गोंद जातो.