ड्रोन तपासणारी सरकारी निरीक्षक व्हायचंय, नागपुरातून वाट कशी?

रोटर_नागपूर
नमस्कार मंडळी. मी मेकॅनिकलची पदवीधर, वय २६. नागपूरजवळच्या एका ड्रोन प्रशिक्षण संस्थेत इन्स्ट्रक्टर आहे, 'स्मॉल' वर्गाचं म्हणजे २ ते २५ किलोच्या ड्रोनचं प्रशिक्षण देते. मध्यंतरी आमच्याकडे डीजीसीएची, म्हणजे केंद्राच्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची माणसं तपासणीला आली होती. दिवसभर त्यांच्यासोबत फिरले. त्यांनी विचारलेले काही प्रश्न मला इन्स्ट्रक्टर असूनही कधी सुचले नव्हते. तेव्हापासून हेच काम करायचं असं डोक्यात बसलंय.

बाबांचं म्हणणं, सरकारी नोकरी करायची तर एमपीएससीचा क्लास लाव. मला विचारायचंय की या कामासाठी पद कोणतं असतं, त्यासाठी विमानाचा पायलट असावं लागतं का, आणि नागपुरात राहून हे जमतं का? आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ही माणसं रोज करतात काय? कुणी आतून पाहिलं असेल तर कृपया सविस्तर सांगा.

विदर्भ_पायलट
एमपीएससीचा इथे संबंध नाही. विमान वाहतूक हा केंद्राचा विषय आहे, त्यामुळे बदली देशात कुठेही होऊ शकते, तेवढी मनाची तयारी ठेवा. पायलट असणं सगळ्या पदांना लागत नाही. बाकी जाणकार सांगतीलच.

निवृत्त_निरीक्षक
रोटर, मी डीजीसीएत एअरवर्दीनेसच्या, म्हणजे यंत्र उडायला सुरक्षित आहे का ते तपासण्याच्या बाजूला होते. शेवटची काही वर्षं ड्रोनच्या संस्था तपासण्यातच गेली. आता त्रिमूर्तीनगरात असते, म्हणून तुझा प्रश्न वाचून लिहायला बसले.

'ड्रोन निरीक्षक' या नावात अडकू नकोस. तुझ्यासारख्या इंजिनिअरसाठी सरळ वाट एअरवर्दीनेस ऑफिसरच्या पदाची. त्याची भरती यूपीएससी वेगळी जाहिरात काढून करते, नागरी सेवा परीक्षेतून नाही. पात्रता आणि अनुभवाची अट त्या त्या जाहिरातीत नीट वाच, कारण अर्ज तिथेच गळतात. आजपासून तुझ्या कामाचा लेखी पुरावा जमवत जा: कोणत्या ड्रोनवर काय काम केलं, तारीख, सही. याशिवाय डीजीसीए कंत्राटी सल्लागारही घेतं, आणि ड्रोनची चाचणी करणाऱ्या मान्यताप्राप्त प्रमाणन संस्थांतही हेच डोळे लागतात. भारतीय गुणवत्ता परिषदेची प्रमाणन योजना जानेवारी २०२२ मध्ये आली, तेव्हापासून प्रत्यक्ष चाचण्या त्या संस्था करतात आणि टाइप सर्टिफिकेट, म्हणजे त्या मॉडेलच्या रचनेची मंजुरी, डीजीसीए देतं.

आता रोजचं काम. लोकांना वाटतं निरीक्षक म्हणजे मैदानात उभा राहून ड्रोन उडताना बघणारा माणूस. मी संस्थेत गेले की आधी बॅटऱ्यांच्या खोलीत जायची. लिथियम पॉलिमरची बॅटरी सपाट टेबलावर ठेवायची आणि एका कोपऱ्यावर बोटाने हलकेच दाबायचं. फुगलेली असेल तर ती डुलते. मग तिच्यावर मार्करने लिहिलेला नंबर रजिस्टरमध्ये शोधायचा. पूर्ण चार्ज झालेला सेल ४.२ व्होल्टच्या आसपास असतो, पण जुन्या बॅटरीचे सेल एकसारखे राहत नाहीत, एखादा मागे पडतोच. रजिस्टरमध्ये महिनोन्महिने प्रत्येक सेलपुढे ४.२० आणि सगळं एकाच पेनाने, एकाच बैठकीत लिहिल्यासारखं दिसलं, की समजायचं इथे कुणी मीटर लावतच नाही. त्या एका पानावरून पुढच्या दिवसाची दिशा ठरायची.

मग प्रोपेलर. नख कडेवरून बुडाच्या स्क्रूपर्यंत फिरवायचं. डोळ्याला न दिसणारी चीर नखाला अडते.

आणि वजन. हे मी सगळ्यांना सांगते, कारण फवारणीच्या ड्रोनमध्ये खरी गोम इथे आहे. १० लिटर टाकीचे बरेच ड्रोन भरलेल्या टाकीसह २५ किलोच्या थोडे आत बसतात, म्हणून ते 'स्मॉल' वर्गात येतात. कुणी जास्त एकर मारायचे म्हणून मोठी टाकी बसवतो किंवा वरून जादा बॅटरी बांधतो. काटा २५च्या पुढे गेला की ड्रोन 'मीडियम' वर्गात गेला. पायलटचं सर्टिफिकेट त्या वर्गाचं नाही, आणि ज्या रचनेला टाइप सर्टिफिकेट मिळालं होतं ती रचनाच आता उरली नाही. मालक म्हणतो, "मॅडम, मस्त उडतो." उडतो हे खरंच. पण एक मोटर दमली तर बाकीच्यांनी किती भार उचलायचा याचा हिशेब बनवणाऱ्याने जुन्या वजनावर केलेला असतो, आणि खाली पऱ्हाटीत निंदणाऱ्या बाया असतात. म्हणून मी काटा मागवायची, टाकी काठोकाठ भरायला लावायची आणि वजन करायची.

आपल्याकडच्या उन्हाचंही तसंच. मे महिन्यात नागपुरात पारा ४५च्या वर जातो. हवा तापली की विरळ होते, तेवढाच भार उचलायला पंख्यांना जास्त फिरावं लागतं, मोटर आणि स्पीड कंट्रोलर तापतात, बॅटरी लवकर उतरते. बनवणाऱ्याच्या पुस्तिकेत कमाल तापमानाची मर्यादा छापलेली असते. ती मर्यादा तुमच्या पायलटला तोंडपाठ आहे का, हे मी भर दुपारी मैदानावरच विचारायची.

आता अवघड भाग. एका संस्थेत उड्डाणांच्या नोंदी तपासताना दिसलं, एकाच ड्रोनवर, एकाच वेळी, दोन वेगवेगळ्या विद्यार्थ्यांचं उड्डाण लिहिलंय. एकदा नाही, बऱ्याच पानांवर. बॅच दुसऱ्या दिवशी सर्टिफिकेट घेऊन जाणार होती. पोरं लांबून आली होती, काहींनी कर्ज काढून फी भरली होती. संस्थेचे लोक म्हणाले, आजच्या दिवस सांभाळून घ्या. मी निष्कर्ष लिहिला आणि ती उड्डाणं पुन्हा झाल्याशिवाय सर्टिफिकेट देऊ नये असं नोंदवलं. फेब्रुवारी २०२२ मध्ये सरकारने वेगळं लायसन्स रद्द केलं, तेव्हापासून प्रशिक्षण संस्थेने दिलेलं रिमोट पायलट सर्टिफिकेटच पुरतं, आणि ते १० वर्षं चालतं. म्हणजे त्या पोराच्या हातात कंट्रोलर देण्याआधीची शेवटची चाळणी तुमची संस्था आहे. ती चाळणी फाटकी असेल तर पुढे अडवणारं कुणी नाही. त्या पोरांचे उतरलेले चेहरे बघवत नव्हते, पण तो शेरा मी आजही तसाच लिहीन. या कामात हे जमलं पाहिजे. व्होल्टेज बघणं कुणालाही शिकवता येतं.

नागपुरात राहून? पोस्टिंग नागपूरच मिळेल अशी आशा धरून अर्ज करू नकोस. पण शिकायला हे शहर फार चांगलं आहे. विमानतळ वस्तीला चिकटून, हवाई दलाच्या मेंटेनन्स कमांडचं मुख्यालय इथेच, मिहानमध्ये प्रवासी विमानांची दुरुस्ती. ड्रोन नियम २०२१ प्रमाणे विमानतळाच्या कुंपणापासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फुटांपर्यंतच ग्रीन झोन, म्हणजे आधी परवानगी न घेता उडवता येतं ती हद्द, त्यापलीकडे इतर बंधन नसेल तर ४०० फुटांपर्यंत. सोनेगाव विमानतळाच्या कुंपणापासून ८ किलोमीटर मोज, म्हणजे शहराचा केवढा भाग ग्रीनच्या बाहेर पडतो ते दिसेल. तरी लग्नाचं शूटिंग करणारी पोरं खामला-मनीषनगरात बिनदिक्कत उडवतात, याचं मला फार वाईट वाटतं. उतरणारं विमान तिथून किती खाली असतं ते त्यांनी एकदा मान वर करून बघावं.

काटोलकडचा
मॅडम, आमच्या गावच्या बचत गटाले ड्रोन भेटलं. फवारणी चांगली होते, पण मागच्या हंगामात संत्र्याच्या बगीच्यात फांदीले लागून पडलं. कोनाले लागलं नाही. तलाठ्याले इचारलं तं तो म्हणे मले काई मालूम नाही. अशा वक्ती सांगाव कोनाले? कोनी पाह्यले येते काय?

निवृत्त_निरीक्षक
भाऊ, विचारलंत ते बरं केलं. तलाठ्याचा हा विषय नाही. अपघात झाला तर ४८ तासांच्या आत डीजीसीएला ऑनलाइन कळवायचं, आणि ही जबाबदारी उडवणाऱ्या पायलटची. प्रत्येक वेळी माणूस येईलच असं नाही, पण नोंद झाली नाही तर तोच दोष दुसऱ्या गावात कुणाच्या तरी डोक्यावर पडेपर्यंत कळणार नाही.

गटातल्या ताईंना सांगा, ड्रोनचा यूआयएन म्हणजे नोंदणी क्रमांक, तृतीय पक्ष विमा आणि पायलटचं सर्टिफिकेट या तिन्हींच्या प्रती ड्रोनच्या पेटीतच ठेवा. २५० ग्रॅमपर्यंतचे नॅनो सोडले तर विमा सगळ्यांना सक्तीचा आहे. पडलेला ड्रोन वरून धड दिसला तरी त्याचे हात (मोटरी बसवलेल्या दांड्या) आणि प्रोपेलर कंपनीच्या माणसाला दाखवल्याशिवाय पुन्हा उडवू नका. आणि संत्र्याच्या बगीच्यात उडवण्याआधी एक चक्कर पायी मारा. विजेच्या तारा आणि बाहेर आलेल्या फांद्या कंट्रोलरच्या पडद्यावर नीट कळत नाहीत.

विदर्भ_पायलट
मॅडम, एक शंका. हिवाळी अधिवेशनात किंवा दीक्षाभूमीच्या सोहळ्याला बंदी असते, तेव्हा डीजीसीएचा माणूस पकडतो की पोलीस?

निवृत्त_निरीक्षक
रस्त्यावर पोलीसच. पोलीस अधीक्षक किंवा त्याच्या वरच्या दर्जाचा अधिकारी एखाद्या भागाला ९६ तासांपर्यंत तात्पुरता रेड झोन जाहीर करू शकतो, तशी नियमात तरतूद आहे. निरीक्षकाने वायरलेस घेऊन लोकांच्या मागे धावायचं नसतं.

रोटर_नागपूर
मॅडम, इतकं कुणीच सांगितलं नव्हतं. बाबांना तुमचं उत्तर वाचून दाखवलं, क्लासचा विषय बंद झाला. मुलाखतीपर्यंत पोचले तर आधी काय वाचू? आणि एअर टॅक्सी वगैरे येणार म्हणतात, त्याची तयारी आत्तापासून करावी का?

निवृत्त_निरीक्षक
आधी ड्रोन नियम २०२१, त्यात नंतर झालेल्या सगळ्या दुरुस्त्यांसकट. मग प्रमाणन योजना. भारतीय वायुयान अधिनियम २०२४ हा १ जानेवारी २०२५ पासून १९३४च्या कायद्याच्या जागी आला, तोही चाळ. नंतर एएआयबीचे, म्हणजे सरकारच्या विमान अपघात तपास संस्थेचे अहवाल वाच, ड्रोनचे नसले तरी. तपास करणारा एका तुटलेल्या बोल्टपासून देखभालीच्या नोंदीपर्यंत कसा मागे जातो, ते तिथे शिकायला मिळतं.

एअर टॅक्सीची तयारी जरूर कर. युरोपच्या विमान सुरक्षा संस्थेने, ईएएसएने, अशा उभ्या उड्डाणाच्या यंत्रांसाठी २०१९ मध्ये खास अटी काढल्या, अमेरिकेच्या विमान वाहतूक नियामकाने, एफएएने, ऑक्टोबर २०२४ मध्ये पॉवर्ड लिफ्टचे (उभं उडून मग विमानासारखं पुढे जाणाऱ्या यंत्रांचे) नियम आणले. दोन्ही नेटवर फुकट आहेत. वाचताना एकच गोष्ट शोध: आकाशात बॅटरीचा एक संच बंद पडला तर माणसं जमिनीवर कशी येतात? तुझ्या ड्रोनचा पायलट खाली उभा असतो, तिथे माणसं आत बसलेली असतील.

आणि या शनिवारी तुझ्याच संस्थेचं बॅटरी रजिस्टर घेऊन बस. प्रत्येक सेल मीटरने मोज, लिहिलेल्या आकड्याशी ताडून बघ, फरक निघाला तर तुमच्या प्रमुखांना लेखी दे. ते काय उत्तर देतात ते इथे कळव.