मदत हवी आहे: घरी केलेला मॅनहॅटन पाणचट का लागतो?

हडसनकर:

मंडळी, हा धागा पाककृती विभागात टाकावा की नाही यावर बराच विचार केला. ग्लासात ओतायची असली तरी कृतीच आहे, म्हणून टाकतोय.

मुक्काम न्यू जर्सी. ज्या बेटाचं नाव या कॉकटेलला आहे तिथेच ऑफिस, त्यामुळे शुक्रवारी संध्याकाळी मॅनहॅटनशी गाठ पडतेच. बारमधला मॅनहॅटन गडद तांबूस आणि नितळ असतो, जिभेवर किंचित जाडसर वाटतो, आणि इतका गार की ग्लास दांडीलाच धरावा लागतो. घरचा मात्र पहिल्या घोटाला बरा आणि तिसऱ्याला पाणी. शिवाय मागून एक शिळी, आंबूस चव येते ती वेगळीच.

माझं माप: राय व्हिस्की (राय नावाच्या धान्याची) ६० मिली, ४० टक्के अल्कोहोलवाली, गोड लाल व्हर्मुथ ३० मिली, अँगोस्टुरा बिटर्स (मसाल्यांचा कडू अर्क) दोन थेंब. स्टीलच्या उंच पेल्यात बर्फ घालून लांब चमच्याने ढवळतो, गाळतो, ग्लासात ताजा बर्फ टाकतो, वर एक लाल चेरी. बर्फ फ्रिजच्या दारातून पडतो तोच. व्हिस्की महागाची घेऊनही पाहिली, फरक शून्य.

ढवळण्याऐवजी शेकरमध्ये घालून हलवू का? की राय सोडून बर्बन (मुख्यतः मक्याची अमेरिकन व्हिस्की) वापरू? जाणकारांनी सांगावं.

वेळ_जाईना:

आधी मिसळीचे धागे, आता मिसळलेल्या दारूचे. चालू द्या.

कांदेनवमी:

हडसनकर, शिकागोत शिकत असताना काही काळ बारमागे काम केलंय, त्या भरवशावर बोलते. व्हर्मुथची बाटली कुठे ठेवता? व्हिस्कीशेजारी कपाटात असणार, आणि दिवाळीपासून उघडी असणार.

व्हर्मुथ ही दारू म्हणजे शेवटी वाइन. वनस्पती घालून सुवासिक केलेली आणि वरून थोडं जास्तीचं अल्कोहोल घातलेली, साधारण १६ ते १८ टक्के. एवढ्या अल्कोहोलच्या जोरावर ती कपाटात टिकत नाही. झाकण उघडलं की हवा लागते आणि हळूहळू उतरत जाते. तुमची ती आंबूस चव तिथूनच येतेय. बाटली फ्रिजमध्ये ठेवायची आणि महिना-दीड महिन्यात संपवायची. घरात पिणारे तुम्ही एकटेच असाल तर ३७५ मिलीची छोटी बाटली मिळते, तीच घ्या. पेल्याचा एक तृतीयांश भाग व्हर्मुथ असतो हो! आणि सगळा खर्च आपण व्हिस्कीवर करतो.

आज घरी गेलात की चमचाभर व्हर्मुथ नुसती चाखून बघा. नुसती पिववत नसेल तर कॉकटेलमध्येही घालू नका.

दुसरं, तुम्ही "दोन थेंब" लिहिलंय. कृतीत दोन डॅश असतात, थेंब नव्हे. एक डॅश म्हणजे पाऊण मिलीच्या आसपास, दहा-पंधरा थेंब तरी झाले. बाटली पूर्ण उलटी धरून एकदा जोरात झटकायची. बाळाच्या नाकात औषध घालतात तसं हळूच टिपूस टिपूस सोडू नका. बिटर्स कमी पडले की व्हिस्की एकीकडे आणि गोडवा दुसरीकडे राहतो, दोघांची सोयरीक जुळत नाही.

निवृत्त_रसायन:

ताईंशी सहमत. पण पाणचटपणा बर्फाचा आहे, त्यावर जरा सविस्तर.

फ्रिजच्या दारातून पडणारा बर्फ पातळ, अर्धचंद्राकृती आणि बाहेरून ओला असतो. ते वरचं पाणी पेय गार करायच्या काहीच कामाचं नाही, थेट पेल्यात उतरतं. त्यातून तुम्ही गाळल्यावर ग्लासात पुन्हा बर्फ टाकता, म्हणजे पिता पिता पाणी वाढतच राहणार.

आता कोणी म्हणेल, मग कमी ढवळावं. तसं नाही. बर्फ वितळल्याशिवाय पेय गार होतच नाही. उणे १८ अंशांचा एक ग्रॅम बर्फ शून्यावर येईपर्यंत जेमतेम ९ कॅलरी उष्णता ओढतो, आणि वितळताना ८०. म्हणजे गारवा हवा तर पाणी येणारच, ती किंमत आहे. मॅनहॅटनमध्ये ते पाणी हवंसुद्धा असतं, नाहीतर घसा जळेल.

हिशोब करू. तुमच्या ६० मिली व्हिस्कीत २४ मिली अल्कोहोल, व्हर्मुथमध्ये साधारण ५. एकूण ९० मिलीत २९, म्हणजे ३२ टक्के. नीट ढवळलं तर २५ मिलीच्या आसपास पाणी मिसळतं. झालं ११५ मिली, २५ टक्के. इथवर ठीक. ओल्या बर्फाने आणि ग्लासातल्या जादा बर्फाने आणखी ३०-४० मिली आलं की २० टक्क्यांच्याही खाली. मग ते गोड लाल पाणीच.

आणि शून्याच्या बर्फाने पेय शून्याखाली जातं, हे लक्षात ठेवा. लहानपणी लाकडी पॉटमध्ये बर्फावर खडे मीठ टाकून आइस्क्रीम केलं असेल, तोच प्रकार. इथे मिठाचं काम अल्कोहोल करतं. बारमधला ग्लास हाताला बोचतो तो त्यामुळे.

तेव्हा: साच्यात मोठे, घट्ट चौकोनी तुकडे लावा, फ्रीझरमधून काढून लगेच वापरा, पेला बर्फाने गच्च भरा आणि अर्धा मिनिट ढवळा. बर्फ थोडा असला तर जास्त वितळतो, उलट वाटलं तरी. ग्लास आधी फ्रीझरमध्ये ठेवा आणि वाढताना त्यात बर्फ टाकू नका.

शेकरचं विचारलंत. लिंबूरस, अंडं, दूध-साय असलं काही असेल तर हलवायचं. इथे सगळी नितळ द्रव्यं आहेत. हलवलं तर हवेचे बुडबुडे आणि बर्फाचा चुरा जाऊन पेय गढूळ होतं, आणि तो जिभेवरचा जाडसरपणाही जातो.

बखरकार:

बर्बनच्या प्रश्नाला उत्तर द्यायचं राहिलं. जमतं, पण गोडाकडे झुकतं. अमेरिकन कायद्याने राय म्हणवायला धान्यात किमान ५१ टक्के राय लागते. तिचा तिखट, मिरमिरीत कोरडेपणा व्हर्मुथच्या गोडव्याला आडवा येतो, आणि मजा त्यातच आहे. १९२० ते १९३३ च्या दारूबंदीत अमेरिकेतली राय जवळजवळ बुडाली. लोक कॅनडाच्या व्हिस्कीवर मॅनहॅटन करू लागले आणि पुढे तीच सवय राहिली. (कॅनडात बाटलीवर 'राय' लिहिलं असलं तरी आत राय अमुक इतकी हवीच असं बंधन नाही. लेबल वाचून घ्या.)

दुकानात 'बॉटल्ड इन बाँड' लिहिलेली राय शोधा. १८९७ चा कायदा आहे: एकाच डिस्टिलरीची, एकाच हंगामाची, किमान चार वर्षं मुरलेली आणि बरोबर ५० टक्क्यांची. रिटनहाउस त्यातली, आणि खिसाही फार फाटत नाही. रसायनकाकांच्या हिशोबात ४० च्या जागी ५० घाला, तेवढंच पाणी जाऊनही पेय ३० टक्क्यांवर राहतं.

अवांतर: चर्चिलच्या आईने १८७४ मध्ये मॅनहॅटन क्लबातल्या मेजवानीसाठी हे कॉकटेल करवून घेतलं, ही कथा कोणी सांगितली तर नुसतं हसा. त्या सुमाराला बाई इंग्लंडात बाळंत होत होत्या, ३० नोव्हेंबर १८७४ ला विन्स्टन जन्मले.

कर्वेरोडकर:

इथे पुण्यात राय शोधताना चपला झिजतात. बर्बन मिळते. अमृत कंपनीची रायची सिंगल माल्ट व्हिस्की आहे म्हणे, पण ती कॉकटेलमध्ये ओतायला जीव होईल का?

कांदेनवमी:

नको हो, ती नुसतीच प्या. बर्बनवर करायचं असेल तर व्हर्मुथ २० मिलीवर आणा आणि बिटर्सचा एक डॅश वाढवा. रोजची देशी व्हिस्की मात्र नको, त्यातल्या बऱ्याच बाटल्यांत मळीचा स्पिरिट असतो, धान्याची चवच येत नाही.

वेळ_जाईना:

आणि पंचवीस पूर्ण असतील तरच हो. महाराष्ट्रात आहात.

हडसनकर:

सगळ्यांचे आभार. व्हर्मुथ नुसती चाखली. बाटली सिंकमध्ये रिकामी केली, पुढचं सांगत नाही. नवी छोटी आणली, फ्रिजमध्ये दुधाशेजारी उभी आहे. साच्यातला बर्फ, दोन खरे डॅश, ५० टक्क्यांची राय. बायकोने एक घोट घेऊन "हा विकतचा का?" विचारलं.

आता दोन शंका. ती भडक लाल चेरी बदलायची का? आणि पुढच्या शनिवारी आठ जण येताहेत. प्रत्येकाला अर्धा अर्धा मिनिट ढवळत बसलो तर चकणा संपून जाईल.

कांदेनवमी:

चेरी बदलाच. आइस्क्रीमवरची ती नुसता रंग आणि साखर. काळपट, दाट पाकातली इटालियन मिळते, महाग असते पण बरणी पुरते. नाहीतर पिवळ्या लेमनची सालीची पट्टी ग्लासावर पिळा, तेलाचे बारीक शिंतोडे वर दिसले पाहिजेत, मग साल टाकून द्या. आपलं हिरवं लिंबू नको, त्याचा वास सगळ्यावर कुरघोडी करतो.

निवृत्त_रसायन:

आठ जणांसाठी आदल्या रात्री लिटरच्या स्वच्छ बाटलीत राय ४८० मिली, व्हर्मुथ २४० मिली आणि १६ डॅश बिटर्स एकत्र करून फ्रीझरमध्ये ठेवा. पाणी आधी घालू नका, पाणी घातलेलं मिश्रण घरच्या फ्रीझरमध्ये गोठून भुसभुशीत होऊ शकतं. हे नुसतं मिश्रण ३९ टक्क्यांच्या आसपास आहे, ते गोठणार नाही. पाण्याची वेगळी बाटली फ्रिजमध्ये ठेवा. वाढताना गार ग्लासात ९० मिली मिश्रण आणि २५ मिली गार पाणी, चमचा एकदा फिरवला की झालं. ढवळायला बर्फ लागणारच नाही.

फक्त मापाचा पेला हाताशी ठेवा. डोळ्याने ओतलंत तर दुसऱ्या फेरीला पाणी विसराल, आणि मग पाहुणे मुक्कामाला.