मायकेल जॅक्सन: मूनवॉकच्या पलीकडचा एका तासात कसा ऐकवावा?

सांजधून
२५ जूनला मायकेल जॅक्सनच्या स्मृतिदिनी तासाभराचं श्रवणसत्र ठरलं आहे. येणारी तीस-चाळीस मुलं विशी-पंचविशीतली, म्हणजे २००९ साली तो गेला तेव्हा कुणी बालवाडीत, कुणी प्राथमिक शाळेत. त्यांच्या लेखी तो म्हणजे टोपी, एक चमकता हातमोजा आणि मूनवॉक, म्हणजे पुढे चालल्याचा भास देत मागे घसरत जाणं. गायक-संगीतकार म्हणून त्याने मागे काय ठेवलं ते कानांना कळावं, असं काय लावू? कोणत्या आवृत्त्या? शिवाय मूनवॉक करून दाखवायचा आग्रह आहेच, तोही नीट कसा जमेल? जाणकारांनी सांगावं.

खर्जातला
पाच-सहाच गाणी घ्या. बारा लावलीत तर तिसऱ्यापासून लोक गप्पा मारायला लागतात.

सुरुवात 'बिली जीन'च्या १९८१ सालच्या घरगुती ध्वनिमुद्रणाने करा. 'थ्रिलर' अल्बमच्या २००१ सालच्या विशेष आवृत्तीत ते आहे. शब्द अर्धवट आहेत, जागोजागी नुसते आवाज काढून त्याने ओळी भरल्यात, पण ठेका आणि बेसची चाल ठरलेली आहे. लगेच पाठोपाठ १९८२ चं पक्कं गाणं लावा. वाद्यवादनात तो पारंगत नव्हता. चाल, बेस, ड्रमचा ठेका, सगळं तोंडाने टेपवर गाऊन तो वादकांच्या हवाली करायचा. हे नुसतं सांगून पटत नाही, ही दोन ध्वनिमुद्रणं एकामागोमाग ऐकली की पटतं.

पक्क्या गाण्यात काय ऐकायचं ते आधीच सांगून ठेवा. वेग मिनिटाला साधारण ११७ ठोके. आधी लिऑन 'एन्डुगु' चान्सलरचा नुसता ड्रम, मग लुई जॉन्सनचा बेस, मग सिंथेसायझरचे स्वरगुच्छ, आणि गायकाची पहिली ओळ येते ती थेट २९व्या सेकंदाच्या आसपास. निर्माता क्विन्सी जोन्सला ही प्रस्तावना फार लांब वाटत होती, मायकेल अडून बसला. ध्वनिमुद्रक ब्रूस स्वीडीनने या गाण्याची ९१ मिश्रणं (मिक्स, म्हणजे सगळे आवाज-वाद्यं एकत्र जुळवलेली रूपं) केली आणि शेवटी निवडलं गेलं ते दुसरं!

आता कोरस. मागे गाणारे बहुतेक ठिकाणी त्याचेच आवाज आहेत. एक ओळ माईकजवळ गायची, तीच पुन्हा गाऊन जोड द्यायची, मग दोन पावलं मागे सरून परत तीच. लांबून गायल्यावर खोलीचा नाद आवाजात मिसळतो, म्हणून एकाच गळ्याचे थर असूनही ते चिकटून एक होत नाहीत. एवढे थर मावायला स्वीडीन २४ ट्रॅकची दोन टेपयंत्रं टाइमकोडने, म्हणजे दोन्ही एकाच वेळेत चालवणाऱ्या संकेताने, जोडून चालवायचा. 'थ्रिलर'चा मुख्य आवाज टिपणारा माईक शूअर एसएम७, रेडिओ केंद्रात दिसतो तसला, फार महाग नसलेला. गाताना मायकेलच्या चुटक्या वाजायच्या, पायही वाजायचे. दुसऱ्या कुणी ते साफ केलं असतं, स्वीडीनने मुद्दाम ठेवलं. माझ्या मते खरा वारसा इथे आहे: गळ्याचा तालवाद्यासारखा वापर. उचक्या, श्वास, दाताआडून सोडलेली हवा, हे सगळं तो तालात बसवतो. आजचे निम्मे पॉप गायक हेच करतात आणि ते कुठून आलं हे त्यांना ठाऊकही नसतं.

एक हमखास चूक: एकच ब्लूटूथ डबा मधोमध ठेवणं. डावी-उजवी बाजू एक झाली की कोरसचा पसारा मिटतो आणि वर लिहिलेलं काहीच ऐकू येत नाही. दोन स्पीकर दोन-अडीच मीटर अंतरावर, तोंडं श्रोत्यांकडे किंचित आत वळवलेली. जुनी-नवी आवृत्ती तुलनेला लावणार असाल तर पातळी आधी सारखी करून घ्या, कारण जे मोठं वाजतं तेच कानाला चांगलं वाटतं.

अवांतर: 'थ्रिलर'ची पहिली तयार तबकडी ऐकून सगळ्यांची तोंडं उतरली होती. एका बाजूला मिनिटं जास्त कोंबली की खाचा अरुंद पडतात आणि बेस बारीक होतो. मग 'द लेडी इन माय लाइफ'चं एक कडवं कापलं आणि एकेक गाणं नव्याने मिसळलं.

टाच_पंजा
मूनवॉक त्याने शोधला नाही, हे आधी सांगून टाका. टॅप नर्तक बिल बेलीच्या १९५५ च्या चित्रफितीत ही घसरण दिसते, नर्तक-गायक जेफ्री डॅनियलने १९८२ मध्ये ब्रिटिश टीव्हीवर ती केली. मायकेलने २५ मार्च १९८३ ला कॅलिफोर्नियातल्या पासाडिनाच्या मंचावर ती केली, १६ मे रोजी ते टीव्हीवर प्रसारित झालं. सगळी मिळून काही सेकंदांची गोष्ट. नेमक्या जागी, नेमकी एवढीच, यातच त्याची अक्कल दिसते.

कृती: दोन्ही पाय जवळ. उजवी टाच उचला, गुडघा वाकवा, वजन सगळं उजव्या पंजावर. डावं पाऊल सपाट ठेवून, जमिनीला नुसता स्पर्श करत, सरळ मागे ओढा. त्याचा पंजा उजव्या टाचेच्या मागे गेला की थांबा. आता एकाच क्षणी डावी टाच वर, उजवी खाली. वजन डाव्या पंजावर गेलं, आता उजवा सपाट मागे.

बिघडतं ते तीन जागी. पहिली आणि सगळ्यांची चूक म्हणजे सरकणाऱ्या पायावर वजन ठेवणं. मग पाऊल अडतं आणि माणूस मागे चालताना दिसतो. दुसरी, टाचांची अदलाबदल मागेपुढे होणं. त्यात डोकं वरखाली होतं आणि भ्रम तिथेच संपतो. भिंतीवर डोक्याच्या उंचीला चिकटपट्टी लावून आरशात बघा, डोकं त्या रेषेवरून हलता कामा नये. तिसरी म्हणजे रबरी तळ. चामडी तळाचे बूट घ्या. फरशीवर पावडर टाकू नका, टेकवलेला पंजाही निसटतो.

सांजधून
फार उपयोगी. 'स्मूथ क्रिमिनल' गाण्यातलं ते अंग ताठ ठेवून पुढे झुकणंही दोघांना करायचं आहे. जमेल का?

टाच_पंजा
नाही. चित्रफितीत तारा होत्या. मंचासाठी मायकेल आणि दोन सहकाऱ्यांच्या नावे २६ ऑक्टोबर १९९३ रोजी अमेरिकी पेटंट मिळालं, क्रमांक ५,२५५,४५२. बुटाच्या टाचेत निमुळती खाच असते, ऐन वेळी मंचातून एक खुंटी वर येते, पाय पुढे सरकवून खाच तीत अडकवायची. चंडीगडच्या मेंदूशल्यविशारदांनी २०१८ मध्ये यावर शोधलेख लिहिला: साधा माणूस घोट्यातून सुमारे २० अंश झुकतो, कसलेला नर्तक २५-३०, आणि इथे भ्रम ४५ अंशांचा. बूट असूनही टाचेमागच्या स्नायुबंधावर भयंकर ताण येतो. हॉलमध्ये खिळे ठोकून हा उद्योग केलात तर तोंडावर पडाल.

परळचा_वाचक
प्रत्यक्ष गायन दाखवायचं तर १६ जुलै १९८८ चा लंडनच्या वेम्बलीचा कार्यक्रम घ्या, २०१२ साली डीव्हीडीवर आला. १९९६-९७ च्या 'हिस्टरी' दौऱ्यात बरीच गाणी पूर्वमुद्रित आवाजावर होती. १ नोव्हेंबर १९९६ चा अंधेरी क्रीडासंकुलातला कार्यक्रम त्याच दौऱ्यातला, शिवसेनेच्या रोजगारासाठीच्या शाखेसाठीचा, म्हणजे शिव उद्योग सेनेसाठीचा. विमानतळावर नऊवारीतल्या सोनाली बेंद्रेने ओवाळलं, हे सगळ्यांना आठवतं. त्या कार्यक्रमाच्या करमणूक कर माफीचं प्रकरण मात्र मुंबई ग्राहक पंचायतीने कोर्टात नेलं आणि कराचे ते तीन कोटींहून जास्त पैसे माफ करण्याचा मंत्रिमंडळाचा निर्णय जानेवारी २०२१ मध्ये झाला. तो जाऊनही तेव्हा अकरा वर्षं उलटली होती.

मुलांवरच्या अत्याचाराच्या आरोपांचा विषय टाळू नका, कुणीतरी विचारणारच. १९९३ चा आरोप, १९९४ ची कोर्टाबाहेरची तडजोड, नंतरच्या वेगळ्या खटल्यात जून २००५ मध्ये सर्व आरोपांतून निर्दोष सुटका, २०१९ च्या माहितीपटात दोघा पुरुषांचे आरोप. वारसदारांनी ते फेटाळले. एवढं तारखांसह दोन मिनिटांत सांगा. वकिली कुणाचीच नको, आणि 'कलाकार वेगळा, माणूस वेगळा' असं म्हणून उडवूनही लावू नका. लोक काय ते ठरवतील.

खर्जातला
एक राहिलं. २०१० च्या 'मायकेल' अल्बममधून काही लावू नका. त्यातल्या तीन गाण्यांतला आवाज त्याचा नाही असा वाद होता आणि २०२२ मध्ये ती स्ट्रीमिंगवरून काढली गेली. त्याऐवजी 'ऑफ द वॉल' अल्बमच्या विशेष आवृत्तीतलं १९७८ चं 'डोन्ट स्टॉप'चं कच्चं ध्वनिमुद्रण लावा.

सांजधून
ठरलं. सभागृहाची फरशी पॉलिश केलेली कोटा आहे, मुलं मोजे घालून करणार म्हणतात.

टाच_पंजा
मोज्यांनी सपाट पाय छान सरकेल, पण टेकलेला पंजाही त्याच्याबरोबर जाईल. मोज्याच्या चवड्याखाली रुपयाएवढा रबरी तुकडा शिवून घ्या, फक्त बोटांच्या बाजूला, नाहीतर पाऊल सपाट असताना अडेल.